वाटणी (कुटुंबाची)

वाटणी : एकत्र कुटुंबातील भाऊ, किंवा वडील आणि मुलगे, वेगळे होताना घर, शेती, जनावरे, कर्ज आणि देव यांचे हिस्से पाडतात, ती रीत. बोलीत तिला ‘वेगळं निघणं’, ‘वाटण्या होणं’, ‘चूल वेगळी मांडणं’ म्हणतात, आणि कागदावर ती उतरली की ‘खातं फोडणं’. वाटणी एका दिवसात उरकते हा समज चुकीचा आहे. आधी चूल वेगळी होते, मग पैशाचा व्यवहार, मग कसायची जमीन, कित्येक वर्षांनी सातबारा, आणि सर्वांत शेवटी देवघर. सुतक तर वाटलेच जात नाही. कोणती गोष्ट कधी वेगळी झाली हे पाहिले की कुटुंब किती तुटले आणि किती टिकले ते नेमके कळते.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तिच्यात एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, समान देवपूजा आणि ठरावीक नातेसंबंध एकत्र येतात. वाटणीत हे धागे एकेक करून सुटतात. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा शहराच्या अभ्यासात हाच मुद्दा पुढे नेला : वेगळे राहणारे भाऊ लग्नकार्यात, आजारपणात, मालमत्तेत एकमेकांना बांधलेले असतील, तर नुसती घरे मोजून त्यांना ‘विभक्त’ ठरवता येत नाही. पूर्वी सगळे एकत्र नांदत आणि शहरीकरणाने घरे फुटली, हे चित्रही तपासून घ्यावे लागते. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची १८१९ मधील माहिती कंपनी सरकारचा डॉक्टर टॉमस कोट्स याने नोंदवून ठेवली होती. मानववंशशास्त्रज्ञ पॉलीन कोलेंडा यांनी तिची १९५८ व १९६७ शी तुलना केली, तेव्हा एकत्र कुटुंबांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. वाटणी ही आधुनिक काळाची आपत्ती नाही. बाप गेला, नातवंडे मोठी झाली, की घर फुटते, आणि प्रत्येक फांदी पुढे पुन्हा एकत्र कुटुंब होते. बदलली आहेत ती वाटणीची वेळ, तिची कारणे आणि हिस्सेदारांची यादी.

वाटणीची वेळ आता आधी येते. पूर्वी वडिलांच्या हयातीत वाटणी मागणे हा त्यांचा अपमान समजला जाई. आता धाकट्याच्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत वडील स्वतःच ‘माझ्या डोळ्यांदेखत करून घ्या’ म्हणतात, आणि त्यात शहाणपण आहे. कारण विचारले की बोट सुनांकडे जाते. हे खापर अन्यायाचे आहे. स्वयंपाक, धुणे, दूध, धान्य हा रोजचा सामाईक व्यवहार बायकांच्या हातात असतो, म्हणून भावांमधली तेढ आधी तिथे दिसते. मूळ तेढ बहुधा मिळकतीची असते : एकाची नोकरी, दुसऱ्याचे कोरडवाहू रान. एकाची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत, दुसऱ्याची गावच्या शाळेत. मुंबईच्या गिरण्यांत राबून मनीऑर्डरी पाठवणारा भाऊ आणि गावी जमीन सांभाळणारा भाऊ यांचा हिशेब असाच तुंबलेला असे. १९८२ च्या संपानंतर कितीतरी कामगार गावी परतले, आणि पाठवलेल्या पैशातून वडिलांच्या नावे घेतलेली जमीन कोणाची, हा प्रश्न उंबऱ्यात येऊन उभा राहिला. अशी खरेदी वडिलोपार्जित मानायची की स्वकष्टार्जित, हे पुरावा ठरवतो. पुरावा बहुतेकांकडे नसतो.

पंच बसतात तेव्हा पहिले काम शिवार फिरण्याचे. जमिनीची प्रत लावली जाते : काळी, मध्यम, मुरमाड, विहिरीखालची, माळ. पुढे दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक तुकड्यात प्रत्येकाला हिस्सा. दुसरी, तुकडे न मोडता सारख्या मोलाचे गट पाडायचे आणि ज्याचा गट भारी त्याने इतरांना पैशाने भरपाई द्यायची. पहिली वाट सर्वांना न्यायाची वाटते, आणि तिथेच पुढच्या पिढीचे नुकसान होते. समजा, ३३० फूट रुंद आणि ३९६ फूट लांब असे तीन एकरांचे शेत चार भावांनी लांबीच्या अंगाने फाडले. प्रत्येकाला ३० गुंठे आले, पण पट्टा साडेब्याऐंशी फुटांचा. पुढे प्रत्येकाला दोन मुलगे झाले की पट्टा एक्केचाळीस फुटांवर येतो. ट्रॅक्टर वळवायला जागा नाही, नवे बांध पिकाची जमीन खातात, आणि १५ गुंठ्यांचा तुकडा जिरायतीच्या प्रमाणभूत क्षेत्रातही, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रातही, बसत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी ही मर्यादा जिरायत २० आणि बागायत १० गुंठे अशी ठरली. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये १.३४. म्हणून शक्य तिथे दुसरी वाट धरावी, भरपाईची रक्कम पंचांसमोर लिहावी आणि ती देण्याची मुदतही लिहावी.

हिस्से पाडल्यावर चिठ्ठ्या. सारख्या मापाचे कागद, सारख्या घड्या, आणि उचलायला दुसऱ्याच्या घरचे लहान मूल. चिठ्ठी नको असेल तर जुना नियम चांगला आहे : हिस्से पाडणाऱ्याने शेवटी उचलायचे. काही घरांत थोरल्याला राहते घर किंवा एखादे झाड ‘वडीलकी’ म्हणून जादा देतात. तो मान आहे, हक्क नाही. सर्वांची खुशी असेल तेवढाच द्यावा.

भांडणे जमिनीच्या मापावरून कमी होतात. पाणी, वाट आणि कर्ज यांवरून जास्त होतात, कारण या तीन गोष्टी तोंडी ठेवल्या जातात. विहीर फोडता येत नाही, तिच्या पाळ्या पडतात. पाळी तासांत ठरवली तर बिघडते : शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते, आणि ज्याचे तास रात्रीचे तो कायम अंधारात दारे धरतो, म्हणजे पिकाला पाणी वळवतो. तीन भावांत एकेक दिवसाची पाळी फिरती ठेवली तर सातला तीनने भाग जात नसल्याने वार आपोआप सरकत राहतात आणि रात्रपाळी सर्वांच्या वाट्याला येते. मोटर जळाली तर दुरुस्ती कोणाची, बिल हिश्श्याने की पाळीने, पाणी आटल्यावर पाळी कशी मोडायची, हेही तेव्हाच ठरवावे. वाटेचे तसेच. मागच्या हिश्शाला बैलगाडी जाण्याइतकी वाट पुढच्याच्या बांधावरून लागते. ती वाटणीपत्रात रुंदीसह न लिहिल्यास तहसीलदाराकडे जावे लागते. तिथे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद आहे, पण सहा महिन्यांच्या आत. सोसायटीचे पीककर्ज बहुधा थोरल्याच्या नावावर असते. ते न वाटता जमीन वाटली तर बोजा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहतो.

कायद्याचा हिशेब गावच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे, कारण त्यात बायका आहेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केले, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तो भेद गेला. हा हक्क जन्मसिद्ध असल्याने त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. उदाहरण घेऊ : आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी, दहा एकर वडिलोपार्जित जमीन. वडील मृत्युपत्र न करता वारले. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानून पाच जणांना दोन-दोन एकर. वडिलांचे दोन एकर म्हणजे ८० गुंठे उरलेल्या चौघांत २० गुंठ्यांनी वाटले जातात. प्रत्येकाला अडीच एकर. गावच्या वाटणीत मुलगे पाच-पाच एकर घेतात, आईला ‘आम्ही आहोतच’ आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते आणि ते राजीखुशीने दिलेले असावे लागते. प्रत्यक्षात बहीण सही करते ती माहेर तुटू नये म्हणून : भाऊबीजेचे ताट, लेकीच्या लग्नातला मामा, सासरी काही झाले तर उघडे राहणारे एक दार. हा सौदा कागदावर कुठे लिहिलेला नसतो, आणि तो मोडला तर दाद मागायला जागा नाही. सहीच्या आधी तिच्या हातात सातबारा आणि तिच्या हिश्श्याचा आकडा द्यावा, एवढे तरी पंचांनी पाहिलेच पाहिजे.

आई-वडिलांची वाटणी हा या रीतीतला सर्वांत दुखरा भाग. कुठे ते महिन्याच्या पाळीने एकेका घरी जेवतात, कुठे आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, आयुष्यभराच्या सोबतीनंतर. जिथे म्हातारा-म्हातारीने स्वतःच्या नावावर हिस्सा राखला, तिथे त्यांची आबाळ कमी होते. सगळे देऊन टाकलेल्यांसाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण मुलांना दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देण्यास लावू शकते. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मालमत्ताही अट मोडल्यास परत मिळू शकते, म्हणून ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणे फार महत्त्वाचे.

संमतीच्या वाटणीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात. सोबत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), हिश्श्यांचा तक्ता, चतुःसीमा आणि सर्व सहधारकांचे जबाब. आदेश झाला की फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडल अधिकारी तो प्रमाणित करतो. एकही सहधारक, विशेषतः बहीण, जबाबाला नसेल तर काम अडते. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद आढळते. ती त्याची एकट्याची मालकी नव्हे. कित्येक भाऊ सातबारा वेगळा करून थांबतात. पोटहिश्श्याची मोजणी होत नाही, नकाशा जुनाच राहतो, आणि विक्रीच्या वेळी बांध कुठला यावरून नव्याने वाद पेटतो.

शासनालाही कुटुंब एकच दिसत नाही. जनगणना एका स्वयंपाकघरावर जेवणाऱ्यांना एक घर धरते. शेतकरी सन्मान निधीसाठी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले. आयकर कायदा हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानतो आणि १९७८ नंतरची अर्धवट वाटणी ओळखत नाही. त्यामुळे तेच चार भाऊ एका कार्यालयात चार कुटुंबे आणि दुसऱ्यात एक असतात. गोव्यात चौकट निराळी आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे मुलगा-मुलगी समान वारस असतात, अर्धी मालमत्ता मृत्युपत्रानेही वारसांपासून काढून घेता येत नाही, आणि वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या न्यायालयीन प्रक्रियेतून होते.

देव शेवटी वेगळे होतात. मूळ टाक (देवांच्या उठावाच्या प्रतिमांचे धातूचे पत्रे) थोरल्याकडे राहतात. धाकटा सोनाराकडून नवे टाक घडवतो, खंडोबा कुलदैवत असेल तर ते जेजुरीला नेऊन देवभेट करून आणतो, आणि मग त्याच्या घरी घट बसतात. वर्षश्राद्धही प्रत्येकजण आपापल्या घरी करू लागतो. कोकणात मात्र जमिनीचे हिस्से झाले तरी गणपती बहुधा मूळ घरीच एक असतो. खर्चाची वर्गणी घरटी निघते किंवा वर्षाची पाळी लागते, आणि वेगळ्या चुलींवर जेवणारी भावकी आरतीला एकाच पडवीत उभी राहते. भावकीत कोणी गेले की मुंबईत, पुण्यात, परदेशात असलेल्यांना फोन जातो, आणि दहा दिवस सगळ्याच घरांतले देव बंद राहतात.