दफनभूमीचा कायदा आणि ३० मार्च २०२० चे परिपत्रक

मुंबईत वस्ती वाढली की मेलेल्यांची जागा पुढे सरकते. किल्ल्याजवळचे इंग्रजांचे दफन अठराव्या शतकात सोनापूरला हलले. तिथेही घरे आली, तेव्हा पुढच्या शतकात शिवडी उघडली. ‘सोनापूरला गेला’ म्हणजे मेला, हा शब्दप्रयोग मात्र मुंबईकरांच्या तोंडी राहिला.

कायद्याची चौकट १८८८ च्या महापालिका कायद्याने घातली. प्रत्येक स्मशानाची आणि दफनभूमीची नोंद हवी, नवी जागा परवानगीशिवाय नाही. चालू जागा आरोग्याला धोकादायक वाटली तर आयुक्ताने कारणांसह मत द्यायचे, ते महापालिकेमार्फत राज्य सरकारकडे जायचे आणि बंदीची अधिसूचना सरकारने काढायची. नोंदलेली दफनभूमी एका सहीने बंद होऊ नये, अशीच ही रचना आहे.

करोनाच्या पहिल्या लाटेत मुंबईत नेमके तेच करून पाहिले गेले. महापालिका आयुक्तांच्या ३० मार्च २०२० च्या परिपत्रकानुसार करोनाने दगावलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे होते. अंत्यविधीला पाचपेक्षा जास्त माणसे नकोत, हे कोणालाही पटण्यासारखे होते. दफनबंदीला आधार कुठला, हे मात्र कळत नव्हते. केंद्राच्या १५ मार्चच्या मार्गदर्शक सूचनांत दहन आणि दफन दोन्हींना मुभा होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २४ मार्चला, साथीत गेलेल्याला जाळलेच पाहिजे हा गैरसमज असल्याचे लिहून ठेवले होते.

ओरड झाली आणि त्याच दिवशी परिपत्रक बदलले. दफनभूमी पुरेशी मोठी असेल आणि आजूबाजूला संसर्ग पसरण्याची शक्यता नसेल, तर दफन चालेल, असे ठरले. पण पुरेशी मोठी म्हणजे किती गुंठे? कंपाउंडपासून इमारत किती फुटांवर हवी? ते ठरवायचे कोणी? रात्री दोनला रुग्णवाहिका फाटकाशी उभी असताना विश्वस्तांनी टेप घेऊन मोजायचे का? मालवणीतल्या एका वृद्धाच्या दफनाला एप्रिलच्या सुरुवातीला कब्रस्तानातच नकार मिळाल्याची तक्रार झाली. अखेर जवळच्या हिंदू स्मशानात त्यांना अग्नी द्यावा लागला. बंदी कागदावरून गेली होती, पण भीती आणि संदिग्धता मागे राहिली होती.

९ एप्रिलला वीस दफनभूमींची यादी निघाली, तेव्हा कुठे घोळ मिटायला लागला. लगेच बांद्र्यातल्या काही रहिवाशांनी यादीतल्या तिथल्या कब्रस्तानांवर हरकत घेतली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन आठवड्यांत निकाल द्या, असे सांगून परत आले. २२ मे रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. दफनातून विषाणू पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. चर्चा बहुतेक मुस्लिमांभोवतीच फिरली. वास्तविक ख्रिस्ती, लिंगायत, कित्येक भटक्या जमाती, संन्यासी आणि तान्ही बाळे, या सगळ्यांचेच दफन होते.

हक्क मान्य झाला, पण जमीन वाढली नाही. मुंबईत जुनी कबर काही काळाने पुन्हा वापरावी लागते. जून २०२४ मध्ये गोवंडी परिसरातल्या जादा दफनभूमीचा विषय उच्च न्यायालयात सुनावणीला आला. नोव्हेंबरपासून जागा मिळत नाही, मग मृतांनी मंगळावर जायचे का, असे न्यायालयाने महापालिकेला विचारले. तेव्हा चर्चेत असलेल्या जागांपैकी एक जुन्या कचराभूमीला लागून होती. जिवंत माणसांनाही त्याच भागात कोंबले गेले आहे, हे इथे सांगायला हवे.

गावात प्रश्न सातबाऱ्यावर येतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली सरकारी जमीन गुरचरण, खळवाडी, बाजार यांप्रमाणे दफनभूमीसाठीही राखून ठेवता येते. पण पिढ्यान्‌पिढ्या पुरत आलेल्या जागेची अशी नोंद नसेल, तर कागदोपत्री ते गायरानच. अतिक्रमण काढायला माणसे आली की दाखवायला उतारा नसतो. पालावर राहणाऱ्यांची तर सुरुवातच इथून होते.

बस्तरमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचा वाद जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. वडिलांना स्वतःच्या गावात पुरू द्या, एवढीच मुलाची मागणी होती. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात होता, म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करायला सांगितले गेले. ख्रिस्ती दफनासाठीच्या जागा दोन महिन्यांत आखून द्या, असा आदेशही छत्तीसगड सरकारला मिळाला.