मेंदी, नीळ आणि 'काळी मेहंदी' नावाचा घोळ

आमच्याकडे केस रंगवायचा कार्यक्रम ठरलेला असतो. शनिवारी रात्री लोखंडी कढईत मेंदी भिजवायची, रविवारी सकाळी जुना गाऊन घालून बाथरूमच्या दारात स्टुलावर बसायचं आणि आईने कंगव्याच्या शेपटीने भांग पाडत पाडत दर दोन मिनिटांनी "हल्ली फारच झालेत गं पांढरे" म्हणायचं. पार्लरला जायचा कंटाळा आणि खर्च दोन्ही आहेच, पण खरं सांगायचं तर मला हा प्रकार आवडतो, कारण मी केमिस्ट्रीची आहे आणि एवढी केमिस्ट्री घरात दुसऱ्या कुठल्याच बोलमध्ये होत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी मला वाटलं नुसती मेंदी पुरे, आता केस काळे करूया. मेंदीवर नीळ लावली की केस काळे होतात हे ऐकलेलं होतं, म्हणून मी शहाणपणा करून दोन्ही पावडरी एकत्र केल्या, चहाचं पाणी घातलं, लिंबू पिळलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी थापून तीन तास बसले. धुतलं तर कानशिलं भगभगीत केशरी. लेक म्हणाली, "आई, गाजर." केमिस्ट्रीच्या बाईने केमिस्ट्री न वाचता केलेला उद्योग. काय चुकलं ते सांगते, पण आधी थोडं केसाबद्दल.

केस बाहेर आला की मेलेला असतो, जे काही जिवंत आहे ते खाली मुळात. कोकणातल्या घराच्या छपरावर कशी कौलं एकावर एक रचलेली असतात तसेच केसावर पातळ खवले असतात आणि त्यांची उघडी बाजू टोकाकडे असते. गळलेला एक लांब केस घ्या, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात उभा धरा आणि बोटं एकमेकांवर वरखाली चोळा, केस हळूहळू एकाच दिशेला सरकायला लागेल, त्याच्या मुळाच्या दिशेने! उलटा धरलात तरी मुळाकडेच, कारण खवले दुसऱ्या दिशेला जाऊ देत नाहीत. मी हे लेकीला दाखवलं तर तिने अख्ख्या सोसायटीतल्या पोरांचे केस गोळा केले, असो.

खवल्यांच्या आत केराटिन प्रोटीनचा जाड गाभा असतो आणि रंग त्यात असतो, मेलॅनिनचे बारीक कण. मुळातल्या पेशींनी मेलॅनिन पुरवणं बंद केलं की नवा केस बिनरंगाचा उगवतो. खडीसाखर पारदर्शक असते पण कुटली की पांढरी दिसते ना, उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून, तसंच बिनरंगी केस आपल्याला पांढरा दिसतो. आणि म्हणूनच पांढरा रंग मुळापासून सुरू होतो, काळा केस टोकाकडून पांढरा होत येत नाही.

आता मेंदी. पानात लॉसोन नावाचा केशरी रंग असतो, वाळलेल्या पानात वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्केच. पण पानात तो मोकळा नसतो, साखरेला बांधलेल्या रूपात असतो, पाणी आणि जरासा आंबटपणा मिळाला की हळूहळू सुटतो. भिजवायची ती याचसाठी. सकाळी कढईतल्या मेंदीकडे बघितलं तर वरचा थर तपकिरी आणि चमच्याने खरवडलं की खाली हिरवीगार, म्हणजे रंग सुटून हवेशी लागायला लागलाय, मेंदी तयार. लॉसोन केराटिनला नुसता चिकटत नाही, पक्का रासायनिक बंध करतो, म्हणून तर मेंदी शाम्पूने जात नाही, केस वाढून कापला जाईल तेव्हाच जाते. मेंदी नको झाली तर काय करायचं असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, वाट बघा.

मेंदी केसातलं मूळचं मेलॅनिन काढत मात्र नाही. ती काळ्यावर काळीच दिसते, उन्हात जरा लालसर झाक मारते, आणि पांढऱ्यावर केशरी होते. रंगीत काचेमागे काळा कागद धरला तर काय दिसणार?

मग लोखंडी कढई कशाला? आवळा लोखंडी विळीवर चिरला की कसा काळा पडतो आणि विळीही काळी होते, तेच इथे. चहात, आवळ्यात, कातात टॅनिन असतं, ते लोखंडाशी संयोग करून गडद काळपट रंग देतं. जुन्या काळी लिहायची काळी शाई याच रसायनाने करायचे. म्हणजे आजी कढईत मेंदीबरोबर थोडी शाईही करत होती म्हणा ना! त्याने केशरी रंग जरा खाली बसतो, तपकिरीकडे जातो, पण नुसत्या त्याने कुळकुळीत काळं होत नाही, कुणी कितीही शपथा घातल्या तरी.

काळ्यासाठी नीळ लागते. (कपड्यांना घालायची नीळ नव्हे हं, ती वेगळीच वस्तू आहे, प्लीज डोक्याला लावू नका.) ही नीळ म्हणजे इंडिगो, तीच जिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध 1917 साली गांधीजी चंपारण्यात उतरले होते. गंमत म्हणजे हिच्या पानात निळा रंग नसतोच. बिनरंगाचं इंडिकन असतं, पाण्यात कालवलं की पानातलंच एन्झाइम त्याला तोडतं आणि इंडॉक्सिल तयार होतं, आणि इंडॉक्सिलच्या दोन रेणूंना हवेतला ऑक्सिजन भेटला की त्यांचा मिळून एक निळा इंडिगो होतो. इंडॉक्सिल छोटं असतं, केसात शिरतं. इंडिगो झाला की तो पाण्यात विरघळतच नाही, मग आत कुठला शिरतोय. म्हणजे सगळा खेळ वेळेचा! नीळ कोमट पाण्यात कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची, आणि इंडॉक्सिल केसाच्या आत गेल्यावर तिथे त्याचं इंडिगो होऊ द्यायचं. मी काय केलं होतं? रात्रभर ठेवली, वर लिंबू. सकाळपर्यंत सगळा निळा रंग बोलमध्येच तयार होऊन बसला होता, मी डोक्याला फक्त मेंदी आणि निळी माती थापली.

तेव्हापासून दोन टप्पे करते. आधी मेंदी, दोन-तीन तास, नुसत्या पाण्याने धुवायची, आणि मग ताजी नीळ, चिमूटभर मीठ घालून, तास-दीड तास. केशरीवर निळा बसला की डोळ्याला गडद तपकिरी ते काळा दिसतो. मेंदी न लावता पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावली तर निळसर हिरवे केस होतात, तो प्रयोग माझ्या एका मैत्रिणीने केलाय, फोटो टाकायची परवानगी नाही. धुतल्या धुतल्या दोन टप्प्यातही कधी कधी हिरवट झाक दिसते, घाबरायचं नाही, एक-दोन दिवस हवा लागून रंग पूर्ण होतो, तोवर शाम्पू नाही. आणि नीळ मेंदीसारखी घट्ट बांधली जात नाही, नुसती आत अडकून राहते, त्यामुळे ती आधी फिकी होते आणि महिन्याने खालचा लालसर रंग डोकावतो.

बाजारातला डाय तरी काय वेगळं करतो, आयडिया तीच आहे, छोटं आत घाला आणि आत मोठं करा. ट्यूबमधला माल बिनरंगाचा असतो, त्यात बहुतेक वेळा पीपीडी, पूर्ण नाव पॅरा-फेनिलिनडायअमाइन. अमोनियामुळे केस फुगतो, कौलं उचलली जातात, पीपीडीचे छोटे रेणू आत जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडून मोठे रंगीत रेणू करतो. लग्नाच्या हॉलमध्ये एकेकटे शिरलेले पाहुणे आत जाऊन हातात हात घालून फेर धरतात आणि मग त्या अवस्थेत दारातून बाहेर पडता येत नाही, असं समजा. अर्धा तास थांबायला सांगतात तो या फेराला लागणारा वेळ. म्हणूनच कालवलेला उरलेला डाय पुढच्या रविवारी चालत नाही, बोलमध्येच सगळ्यांचा फेर धरून झालेला असतो, आणि तो झाकण घट्ट लावून ठेवूच नका, पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटू शकते. धातूचं भांडं नको म्हणतात ते पण यासाठीच, काही धातूंमुळे पेरॉक्साइड बोलमध्येच विघटित होऊन जातं. डेव्हलपरवर, म्हणजे डायबरोबर येणाऱ्या पेरॉक्साइडच्या बाटलीवर, 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे त्या एक लिटरमधून 20 लिटर ऑक्सिजन निघेल, साधारण 6 टक्के पेरॉक्साइड. 'अमोनिया फ्री' डायमध्ये बहुधा अमोनियाचा भाऊ इथेनॉलअमाइन असतो, तो उडत नाही म्हणून वास येत नाही, पण कौलं उचलायचं काम कुणालातरी करावंच लागतं. या सगळ्यात केसाच्या पृष्ठभागावरचा नैसर्गिक तेलकट थर निघून जातो आणि तो परत येत नाही, डाय केलेले केस कंगव्याला अडकतात ते त्यामुळे.

पीपीडीला ऑक्सिजन दिला की तपकिरी रंग येतो हे जर्मन केमिस्ट हॉफमन यांनी 1863 सालीच पाहिलं होतं. पुढे 1907 मध्ये पॅरिसमध्ये यूजीन शुएलर नावाच्या तरुण केमिस्टने केसांचा रंग बनवला आणि 1909 मध्ये कंपनी काढली, तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. तीच आजची लॉरियाल. 'निरुपद्रवी' हा शब्द शंभर वर्षांपूर्वी पण पाटीवर लिहावा लागत होता हे मला फार बोलकं वाटतं.

कारण पीपीडी काही लोकांना भयंकर बाधतं. आता मावशीची गोष्ट. मावशी डाय कधीच लावत नव्हती, "केमिकल नको बाई," म्हणून गल्लीतल्या दुकानातून 'काळी मेहंदी'ची पुडी आणायची, पाण्यात कालवायची आणि पंधरा-वीस वर्षं हेच चाललं होतं. एका दिवाळीच्या आधी लावली, त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी डोक्याला खाज, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजून बंद, कानामागून पाणी. स्किनच्या डॉक्टरांनी पुडी मागवली, मागे मुंगीएवढ्या अक्षरात पीपीडी. मावशी म्हणे, "पण हिरव्या पानाचं चित्र होतं वर!"

पुडीतली मेहंदी अर्ध्या तासात काळी करत असेल तर ती मेंदी नाही. लॉसोन केशरी आहे, तो काळा होऊच शकत नाही. त्या पुड्यांमध्ये थोडी मेंदी आणि काळं करणारं सगळं काम पीपीडीचं असतं, पावडरीत पाण्यासारखं पेरॉक्साइड घालता येत नाही म्हणून बेरियम पेरॉक्साइडसारखी कोरडी पावडर घालतात. जत्रेत-बीचवर काळ्या मेंदीचे टॅटू काढतात त्यातही हेच असतं, ते तर थेट कातडीवर, आणि मुलांच्या हातावर!

"पण वीस वर्षं काही झालं नाही ना" हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. ही ॲलर्जी तशीच असते. शरीराची टी पेशी नावाची फौज आधी ओळख करून घेते, कधी पहिल्या काही वेळांत तर कधी वर्षानुवर्षांनी, आणि एकदा ओळख पटली की मग विसरत नाही. आणि ती सावकाश येते, एक-दोन दिवसांनी भडकते, म्हणून अर्धा तास हाताला लावून "काही होत नाहीये" म्हणण्याला अर्थ नाही. पुडीवर सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आत थोडंसं लावून 48 तास थांबायचं, दर वेळी. एकदा रिॲक्शन आलेली असेल तर घरी टेस्ट सुद्धा करू नका, सरळ डॉक्टरकडे. आणि खरी मेंदीही सगळ्यांना चालतेच असं नाही, जी6पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या लाल रक्तपेशी लॉसोनने फुटू शकतात, त्यामुळे बारशाला तान्ह्याच्या तळपायाला मेंदी लावायची हौस नकोच.

रंगवून केस कोरडे झाले की सगळे तेलाकडे वळतात. यात आपल्या खोबरेलाची बाजू खरंच भक्कम आहे. 2003 साली मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली, त्यात केस धुताना जाणारं प्रोटीन फक्त खोबरेलाने कमी झालं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे मनात ठेवून वाचा, पण कारण पटण्यासारखं आहे, खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडची साखळी छोटी आणि सरळ असते, ती केसाच्या आत शिरते, बाकीची तेलं बऱ्यापैकी वरच राहतात. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं, केस कमी फुगतो. म्हणजे तेल न्हाण्याच्या आधी लावायचं, आजी सांगायची तसंच. मेंदीच्या आधी मात्र नाही, तेलकट केसावर रंग नीट चढत नाही.

कापायचं म्हणाल तर एकच सांगते, ओले केस कापू नका, निदान पुढची बट तरी. पाण्याने केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि ओढला की ओला केस बराच ताणला जातो, सुकला की परत आखडतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी भुवईला टेकेल अशी बट ओल्या केसांवर कंगव्याने खाली ओढून कापली, सुकल्यावर ती कपाळाच्या मध्यावर. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे जून उजाडेपर्यंत व्हिडिओ कॉलवर मी हेअरबँडमध्ये होते.

मावशीचे केस आता मीच रंगवते, मेंदी मग नीळ, आणि नीळ घेताना पुडीवर पानाच्या पावडरीशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही ना ते ती स्वतः भिंग घेऊन वाचते. नीळ कालवली की ओव्हनचा टायमर पंधरा मिनिटांवर लावते आणि मला फोन बाजूला ठेवायला लावते. परवा पाठीमागून आई म्हणालीच, "फारच झालेत गं पांढरे." मावशी म्हणाली, "तू गप गं, तिचं लक्ष उडवू नकोस, सात मिनिटं राहिलीत."