अस्थिमज्जा प्रत्यारोपण : धोक्याचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या

दात्याच्या मूलपेशी रुग्णाला दिल्यावर उद्भवणाऱ्या गुंतागुंतींचा अंदाज लक्षणे दिसण्याआधीच देणाऱ्या प्रयोगशाळा-चाचण्या. भारतात असे प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी प्रथम यशस्वी केले.

या गुंतागुंतींपैकी ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’ (जीव्हीएचडी) ही विशेष भयंकर. दात्याच्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) रुग्णाच्या शरीराला परके समजतात आणि त्वचा, यकृत व आतड्यांवर हल्ला चढवतात. पुरळ, कावीळ, जुलाब यांवरून निदान होते. पण त्वचेवरचे पुरळ डोळ्यांना दिसते, आतड्याची हानी दिसत नाही, आणि जीव जातो तो बहुधा आतड्याच्या आजाराने. शिवाय पहिले औषध म्हणजे स्टेरॉइड. ते कोणाला लागू पडणार नाही, हे लक्षणांवरून आधी सांगता येत नाही.

यावर रक्तातील दोन प्रथिने कामी आली. आतड्याच्या अस्तरातील खळग्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी असतात. त्या जंतूंना रोखणारे रेग-3-अल्फा हे प्रथिन स्रवतात. एरवी ते आतड्यातच राहते. अस्तराला भगदाड पडले, की ते रक्तात झिरपते. म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण हे न दिसणाऱ्या जखमेचे माप ठरते. दुसरे एसटी-2, म्हणजे इंटरल्यूकिन-33 या संदेशवाहक प्रथिनाचा ग्राहक (त्याला पकडणारे, पेशीवरचे प्रथिन). त्याचे रक्तात विरघळलेले रूप वाढले, तर स्टेरॉइडला दाद न मिळण्याचा धोका वाढतो. दोन्ही एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजणाऱ्या) पद्धतीने मोजतात. अशा प्रथिनांवरून धोक्याची पातळी ठरवणाऱ्या, मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या 2015 च्या गुणांकनाला विद्यापीठाच्या गावावरून ‘अॅन आर्बर’ हे नाव मिळाले. त्यात टीएनएफ ग्राहक-1 (टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा ग्राहक) हे तिसरे प्रथिनही होते. 2017 मध्ये 11 केंद्रांतील 1,287 रुग्णांचे प्रत्यारोपणानंतरच्या सातव्या दिवशीचे रक्त तपासले गेले, तेव्हा दोनच प्रथिने पुरेशी ठरली. या दोन प्रथिनांवरून धोका काढण्याचे सूत्र ज्या गटावर बसवले, त्यातील अधिक धोक्याच्या रुग्णांपैकी 28 टक्के सहा महिन्यांत मूळ आजार न उलटताही दगावले. कमी धोक्याच्या गटात हे प्रमाण 7 टक्के होते. सातव्या दिवशी बहुतेकांना जीव्हीएचडीचे लक्षणही नसते, यातच या चाचणीचे मोल आहे.

जर्मनीत पुढे आलेला ‘ईझिक्स’ निर्देशांक रक्तवाहिन्यांच्या अस्तराची इजा जोखतो. एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) गुणिले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निदर्शक), भागिले प्लेटलेट; झाले! तिन्ही तपासण्या साध्या प्रयोगशाळेतही होतात, त्यामुळे आपल्याकडे त्याकडे अधिक लक्ष जायला हवे.

सायटोमेगॅलो या, प्रतिकारशक्ती घटल्यावर उफाळणाऱ्या विषाणूसाठीची नियमित पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि दात्याच्या पेशींचा वाटा मोजणारी कायमेरिझम चाचणी आता नित्याच्या झाल्या आहेत.

धोका आधी कळला म्हणून तो टळतोच असे नाही. प्रथिनांवरून निवडलेल्या अधिक धोक्याच्या रुग्णांना अल्फा-1-अँटिट्रिप्सिन हे दाह कमी करणारे प्रथिन आधीच देऊन पाहिले गेले. स्टेरॉइडला न जुमानणारा जीव्हीएचडी त्याने कमी झाला नाही.