बुद्धिबळ खेळच नव्हे? मान्यता आणि समावेशाचा घोळ

२०२५ चा बुद्धिबळ विश्वचषक गोव्यात झाला, तरी पणजीत अजून ऐकू येतं, ‘ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणजे खेळच नव्हे.’ ही मान्यता आणि समावेश यांची गल्लत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फिडेला, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाला, १९९९ मध्येच मान्यता दिली. उत्तेजकांचे नियमही पटावर लागू आहेत. डाव संपल्यावर लघवीचा नमुना मागितला जाऊ शकतो. (कॉफी खुशाल प्या, कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही.) ऑलिंपिकच्या कार्यक्रमात पदकासाठी जागा मिळणं ही वेगळी पायरी, ती अजून चढायची आहे. आशियाई क्रीडास्पर्धांत मात्र २००६ मध्ये दोहात बुद्धिबळाची पदकं दिली गेली, पुढे २०१० मध्ये ग्वांगझूत आणि २०२३ मध्ये हांगझोऊतही. आणि बुद्धिबळ ऑलिंपियाड? नावात साम्य, पण ती फिडेची स्वतःची स्पर्धा.