खडेमीठ घातलं की समुद्र होतो?

‘पाण्यात खडेमीठ विरघळवा, समुद्री टाकी तयार!’ हा घरात समुद्री मासे नि प्रवाळ पाळणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सांगलीसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात तो पटतोही. चव तर तीच लागते.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे आपलं मीठच. गोम उरलेल्या पंधरा टक्क्यांत आहे: मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, शिवाय पाण्याचा आम्लपणा आवरणारे बायकार्बोनेट. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. समुद्रात कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, मिठाच्या पाण्यात त्या मानाने फारच कमी.

फसवतो तो हायड्रोमीटर. तो फक्त घनता मोजतो, त्यामुळे दोन्ही पाण्यांत समुद्राचा आकडा, १.०२५, दाखवू शकतो. म्हणून कॅल्शियमचं टेस्ट किट घ्या; त्यातलं द्रावण नमुन्यात थेंबथेंब घालायचं, रंग पालटायला जितके जास्त थेंब तितकं जास्त कॅल्शियम. आरओच्या पाण्यात एका ग्लासात मीठ, दुसऱ्यात टाकीसाठी मिळणारं सागरी मिश्रण विरघळवा. (बोअरचं पाणी नको, त्यात मुळातच कॅल्शियम असतं.) मिश्रणाच्या नमुन्याचा रंग पालटायला बरेच थेंब लागतात, मिठाच्या नमुन्याचा थोड्याच थेंबांत पालटतो.