उन्हाळी विशेष शिक्षण वर्ग (नागपूर)

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत चालणारे शिक्षणाचे व उपचारांचे वर्ग. छंदवर्गांशी त्यांची सर्रास गल्लत होते. छंदवर्गात मूल काहीतरी नवे शिकते. इथे मुख्य धडपड असते ती आलेले टिकवण्याची. वर्षभराच्या सरावाने मूल शर्टाची बटणे लावू लागते, सुटीत पाहुण्यांच्या गडबडीत घरचेच ती लावून देतात आणि शाळा उघडल्यावर बाईंना पुन्हा पहिल्या बटणापासून सुरुवात करावी लागते.

सुटीतल्या या घसरणीची न्यायालयात दखल घेतली गेली ती अमेरिकेत. आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन या खटल्यात १९७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्याचा वर्षाला १८० दिवसांपुरतेच शिक्षण देण्याचा नियम अपंग मुलांच्या बाबतीत बेकायदा ठरला. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सुटीतल्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे वर्ग भरवायचा की नाही, हे त्या त्या संस्थेच्या उत्साहावर आणि पालकांच्या रेट्यावर ठरते.

नागपुरात प्रश्न अधिक अवघड होतो तो उन्हामुळे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे खंड लांबतो आणि तो भरून काढायला बाहेर पडणेही कठीण. साहजिकच वर्ग सकाळी लवकर उरकावे लागतात आणि नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, तर घरूनच सराव करून घेणे बरे. तहान लागली हे सांगता न येणाऱ्या मुलाला ठरावीक वेळाने पाणी पाजावेच लागते. फिट्‌सवरील टोपिरामेटसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो; अशा मुलाला उन्हात नेणे धोक्याचे. उलट श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा घामच शत्रू. यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. कूलरचीही एक अडचण आहे. त्याची घरघर श्रवणयंत्रातून बोलण्याच्या आवाजात मिसळते आणि आवाजाला संवेदनशील असलेली स्वमग्न मुले कान झाकून कोपरा गाठतात. खोली आधी गार करून शिकवताना कूलर मंद ठेवणे, हा साधा उपाय.

अभ्यासक्रमाचे म्हणाल तर वैदर्भीय उन्हाळ्यातच तो तयार आहे, चित्रकार्डांची गरज नाही. सरगुंडे करताना कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची असते: दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळी कामे करतात, बोटांना जोर मोजून लावावा लागतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजची कामे करता यावीत म्हणून सराव करून घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मेणमातीने करून घेतात तोच हा व्यायाम, फक्त शेवटी आमरसाबरोबर खाता येणारा. पापड मोजून वाळत घालणे हे गणित, पन्ह्यासाठी गूळ आणायला दुकानात जाणे हे पैशांचे व्यवहारज्ञान. कणकेचा चिकटपणा सहन न होणाऱ्या मुलाला आधी कोरडे पीठ हाताळू देतात.

शहरात या कामाला जुना आधार आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या मातृसेवा संघाने बौद्धिक अक्षम मुलांसाठीही काम उभे केले. अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही इथे अनेक दशकांपासून आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’मध्ये, व्यवसायोपचाराचे शिक्षण मिळते.

वर्गाची खरी पारख नोंदींवरून होते. मुलाला एप्रिलमध्ये काय येत होते आणि जूनमध्ये काय येते, हे लिहिलेले नसेल तर शुल्क देण्यापूर्वी पालकांनी विचार करावा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्टची) निरामय विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये असून तीत उपचारपद्धतींच्या खर्चाचाही काही भाग मिळू शकतो. मात्र ती आरोग्य विमा योजना असल्याने वर्गाची पावती घेताना उपचारांचा खर्च वेगळा दाखवून घ्यावा.