‘खाली बस’ म्हटल्यावर मुलं जास्त का उठतात?

जागेवरून उठलेल्या मुलाला ‘खाली बस’ म्हटलं की तो बसतो. उपाय लागू पडला असं कोणत्याही शिक्षकाला वाटेल. अमेरिकेत १९६८ साली चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात हे तपासून पाहिलं. काही दिवस शिक्षकांनी ‘खाली बस’ नेहमीच्या सुमारे तिप्पट वेळा म्हणायचं ठरलं. त्या दिवसांत उठणाऱ्या मुलांची संख्या कमी न होता वाढली. सूचना पुन्हा पहिल्याइतक्या केल्यावर उठणंही घटलं. नीट बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं, तेव्हा ते आणखी कमी झालं.

मुलाला शिक्षकाचं लक्ष हवं असतं, मग ते रागावून मिळालं तरी चालतं. शांत बसून गणितं सोडवणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही, आणि उठलेल्याला मात्र तत्काळ हाक मिळते. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात : ज्या वागण्यापाठोपाठ हवं ते मिळतं, ते वागणं वाढतं. यात शिक्षकही अडकतो. ओरडल्यावर क्षणभर शांतता मिळते, म्हणून तोही पुन्हा ओरडतो.

मग काहीच बोलायचं नाही का? बोलावं, पण कसं, याला फार महत्त्व आहे. डॅनियल ओ’लिअरी यांच्या गटाने १९७० साली दाखवलं, की सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं रागावण्यापेक्षा जवळ जाऊन फक्त त्या मुलालाच ऐकू येईल इतक्या हळू सांगितलं, तर बहुतेक मुलांचा दंगा कमी होतो. प्रेक्षक उरत नाहीत, आणि मुलाचा चारचौघांत पाणउतारा होत नाही. मला ही दुसरी बाब जास्त मोलाची वाटते.

प्रत्येक दंगा लक्ष वेधण्यासाठीच असतो असं मात्र नाही. ज्याला वाचता येत नाही, तो वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो. त्याला वर्गाबाहेर काढलं की त्याची वाचनातून सुटका होते, म्हणजे शिक्षाच बक्षीस ठरते. अशा मुलाला सोपा उतारा आणि शेजारी बसून केलेली मदत हवी असते. म्हणून शिक्षा ठरवण्याआधी दंग्याच्या लगेच आधी काय घडलं आणि नंतर मुलाला काय मिळालं, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवावं. मारामारी किंवा इजा होण्याची वेळ आली, तर अर्थातच थांबून चालत नाही. आधी मुलांना वेगळं करायचं.

जेकब कूनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून १९७० साली आपले निष्कर्ष मांडले. दंगा झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून चांगला सांभाळलेला वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांत फरक करता आला नाही. फरक होता तो दंग्याच्या आधीच्या मिनिटांमध्ये. कुशल शिक्षक फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकांचा अंदाज ठेवतात, एकाची वही तपासताना दुसऱ्याच्या प्रश्नाकडे मान हलवतात, आणि कुजबूज पसरण्याआधीच तिच्या मुळाशी असलेल्या मुलाकडे पाहतात. एका कामातून दुसऱ्याकडे जातानाही ते रेंगाळत नाहीत. वह्या गोळा करणं, पुस्तक काढणं, पान शोधणं अशा रिकाम्या वेळात मुलांच्या हाताला काम नसतं, आणि दंगा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. पुढचं काम आधीच फळ्यावर लिहून ठेवलं, तर ही फट बरीच बुजते.